कारा-बुलुंगची तक्रार

लोकांच्या शिव्या वाचायचा पगार मिळतो अशी नोकरी फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि ती आवडणारे तर त्याहून थोडे. कनिशायला ती आवडायची. बिश्केकमध्ये ‘जांगिरिक’ नावाच्या मोबाइल कंपनीच्या चौथ्या मजल्यावर बसून ती दिवसभर गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचायची. ओशमधल्या कुणाचं तान्हं मूल कंपनीच्या जाहिरातीच्या मेसेजमुळे झोपेतून उठलं होतं. कुणाला जाहिरातीतली मुलगी तिरळी वाटत होती. कुणी नुसतंच ‘चोर’ एवढं लिहून एक तारा देऊन मोकळा झाला होता. कनिशाय या सगळ्यांची तीन ढिगांत वाटणी करायची: रागावलेले, फार रागावलेले, आणि फुकटात थोडं इंटरनेट टाकलं की शेपूट हलवणारे. तिसरा ढीग नेहमीच सगळ्यांत मोठा निघायचा.

माणसं नेटवर्कवर रागावतच नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. ती बायकोवर, साहेबावर, आपल्या नशिबावर रागावलेली असतात. पण त्यांना तारे देता येत नाहीत, म्हणून आपल्याला देतात. हे वाक्य तिचे साहेब, दानियार साबिरोविच, यांना इतकं आवडलं की दोन बैठकांत त्यांनी ते स्वतःचं म्हणून खपवलं. कनिशायनं हूं की चूं केलं नाही. त्यांच्या खोलीशेजारची काचेची खोली रिकामी होती. आधीची विभागप्रमुख समोरच्या, म्हणजे स्पर्धेतल्या, कंपनीत निघून गेल्यापासून त्या खोलीत फक्त एक वाळलेलं झाड होतं, आणि कनिशायला ती खोली हवी होती. तिच्या घरी कुणी आजारी नव्हतं, डोक्यावर कर्ज नव्हतं, कुणाचं लग्न अडलेलं नव्हतं. हवी होती म्हणजे हवी होती, एवढंच.

त्या वसंतात ‘जांगिरिक’चे तारे घसरले. अल्मातीहून मोठे भागीदार येणार होते आणि दानियार साबिरोविच सगळ्यांवर डाफरत फिरत होते. कनिशायनं खोदून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की नारिनच्या बाजूचं एक एवढंसं गाव हात धुऊन कंपनीच्या मागे लागलं आहे. गावाचं नाव कारा-बुलुंग. एकजात सगळ्यांनी एकच तारा दिला होता, आणि सगळ्यांचा मजकूर जवळपास एकच होता: ‘रशियातून येणारे फोन आमच्या गावात लागत नाहीत. वारंवार कळवूनही आपण दखल घेतलेली नाही. हे योग्य नाही.’

‘हे योग्य नाही’ वाचून कनिशाय खुर्चीतच हसली. इंटरनेटवर असं कोण लिहितं? तिथं माणसं तुमच्या आईपासून सुरुवात करतात. वर सगळे पूर्णविराम जागच्या जागी. तिनं इंजिनियरांकडे चौकशी केली. त्यांनी सांगितलं, कारा-बुलुंगचा टॉवर ठणठणीत आहे. मॉस्कोहून तिथं फोन येतात आणि ते घेतलेही जातात. म्हणजे सगळं गाव एका सुरात खोटं बोलत होतं. एका सुरात खोटं बोलायचं तर सूर लावून देणारा कुणीतरी हवाच, आणि तो म्हणजे समोरची कंपनी. असा तिनं निष्कर्ष काढला आणि तो रंगीत आलेखांसकट साहेबांपुढे ठेवला.

दानियार साबिरोविच कित्येक दिवसांनी हसले. ते म्हणाले, यांना असंच सोडायचं नाही, यांचीच जाहिरात करायची. कारा-बुलुंगमध्ये जायचं, टॉवरखाली उभं राहायचं आणि थेट प्रक्षेपण करायचं. आधी चित्रीकरण करून मग दाखवलं की लोकांना वाटतं कापाकापी केली. थेट दाखवलं की तोंडं बंद. ‘ज्या गावानं एक तारा दिला, त्या गावातून’ असं नाव त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि शहरभर फलक लावायला सांगितलं. मग काचेच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाले, “आलीस की ते झाड बदलून घे.”

कनिशायबरोबर विटालिक नावाचा कॅमेरावाला होता. तो सगळ्या वाटेत सूर्यफुलाच्या बिया सोलत होता आणि जगात प्रत्येक माणसाची किंमत ठरलेली असते हे तिला पटवून देत होता. दोलोनच्या घाटात रस्त्याकडेला अजून मळकट बर्फ होता. कारा-बुलुंगमध्ये उतरताच कनिशायनं पहिल्यांदा फोन पाहिला. रेघा पुऱ्या भरलेल्या. तिनं विटालिकला दाखवल्या, आणि विटालिकनं बियांची टरफलं थुंकून मान डोलावली.

गाव मात्र विचित्र वागत होतं. नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईचा फोन वाजला, तशी ती बादली तिथंच टाकून अंगावर निखारा पडल्यासारखी मेंढवाड्यामागे पळाली. भिंतीवर बसून बोलणाऱ्या एका पोरानं यांची गाडी बघून फोन तोडला, पण मग गाडीत कोण आहे ते पाहून पुन्हा लावला. त्याला भीती वेगळ्याच कुणाची होती. पैसे खाल्लेली माणसं अशीच वागतात, असं विटालिक म्हणाला, आणि कनिशायलाही ते पटलं.

त्यांना पहिल्यांदा हटकलं ते कुबातनं. तो रुंद खांद्यांचा, उन्हानं रापलेला मेंढपाळ होता. ‘जांगिरिक’चं नाव ऐकताच त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, आलात तसे परत जा. कनिशायनं विचारलं, तू तक्रार लिहिलीस का? लिहिली, म्हणाला. रशियातून फोन येत नाहीत? नाही येत, म्हणाला. तेवढ्यात त्याच्याच खिशात फोन वाजायला लागला. तो उचलेना, बंदही करेना. दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि फोन वाजून वाजून थांबला.

“आत्याबाईंचा असेल,” कुबात म्हणाला.

“आत्याबाई कुठे असतात?”

“तुम्हाला काय करायचंय?”

पुढे काही बोलणं होण्याआधी वरच्या गल्लीतून एक किडकिडीत म्हातारा काठी टेकत आला. डोक्यावर स्वच्छ पांढरी कालपाक टोपी, अंगात जुना पण इस्त्री केलेला कोट. हे इस्मानाली, शाळेतले जुने भाषाशिक्षक. सगळं गाव त्यांना अगाय म्हणायचं, म्हणजे मास्तर. कंपनीची माणसं आलीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कनिशायचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, बघ कुबात, मी सांगत होतो ना, नीट शब्दांत लिहिलं की माणसं ऐकतात. कुबात पायाखालचा दगड टाचेनं उकरत राहिला.

अगायांनी त्यांना घरी नेलं; कुबातही मागोमाग आला. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर बोरसोक नावाचे तळलेले पिठाचे गोळे, साय आणि जर्दाळूचा मुरंबा मांडला होता. त्यांची सून गुलझात, पाठीवर लहान पोरगी बांधून, मीठ घातलेला दुधाचा चहा थोडा थोडा ओतत होती. तिनं डोक्याला भडक लाल रुमाल बांधला होता आणि ती जरा जास्तच हसत होती. मुरंबा घ्या म्हणून हसायची, पोरगी रडली म्हणून हसायची. शहरातली माणसं बघून बावरली असेल, असं कनिशायला वाटलं.

अगाय बोलत होते. त्यांचा एकुलता मुलगा मिर्लान मॉस्कोत इमारती बांधायच्या कामावर. दर शुक्रवारी त्याचा फोन ठरलेला. थंडी सरत आली तसे फोन थांबले. अगायांनी इकडून लावला तर एक रशियन बाई सांगते की फोन बंद आहे. “हा आमचा पुतण्या कुबात. त्यानं समजावलं तेव्हा कळलं, की ती बाई तुमच्या कंपनीची आणि ती उगीच तसं सांगते. दोष तुमच्या तारांत आहे. तसा मिर्लान फोन बंद ठेवणाऱ्यातला नाही. तो बिचारा तिकडून रोज लावत असणार आणि आपण उचलत नाही म्हणून काळजी करत असणार.” म्हणून मग त्यांनी सगळ्यांना शाळेच्या अंगणात बसवलं आणि मजकूर सांगितला. सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. “अजून पूर्णविराम विसरतात गाढवं. मी एकेकाचा फोन तपासून मगच पाठवू दिला.”

कनिशायनं हातातला बोरसोक परत ठेवला. समोरची कंपनी नव्हती, कट नव्हता, पैसे नव्हते. तिचे रंगीत आलेख एका निवृत्त मास्तरानं घातलेल्या शुद्धलेखनावर उभे होते. पण मग टॉवर ठणठणीत आहे, नळावरच्या बाईचा फोन वाजतो, कुबातच्या खिशात वाजतो, हे काय? तिनं तोंड उघडलं, तशी गुलझात पटकन उठली आणि म्हणाली, “एजे, हात धुवायला बाहेर या, मी पाणी घालते.” एजे म्हणजे ताई.

बाहेर तंदूरच्या आडोशाला गेल्यावर गुलझातचं हसू कुणी पुसून टाकावं तसं गेलं.

“तुम्ही आत काही बोलू नका,” ती म्हणाली. “मिर्लान गेलाय.”

“कुठे?”

गुलझात तिच्या हातांवर पाणी घालू लागली.

“परांचीवरून पडला. तिकडे चौकशी चाललीय, मयत सोडत नाहीत. अगायांचं हृदय मागच्या वर्षी एकदा बंद पडता पडता राहिलंय. थोरल्यांनी ठरवलं, मयत दारात आल्याशिवाय सांगायचं नाही. मग अंगणात युर्ताचा तंबू उभारू, सोयरे येतील, दोघं जण त्यांना दोन्हीकडून धरतील, तेव्हा सांगतील. रिकाम्या दारात कशाला कुणी रडवायचं माणसाला?”

“आणि फोन?”

“सगळ्यांचे येतात. अगाय आसपास असले की कुणी घेत नाही. मेंढवाड्यात जाऊन बोलतात.” ती पाणी घालत होती आणि कनिशायचे हात कधीचे धुऊन झाले होते. “तक्रार मीसुद्धा लिहिली. अगाय शेजारी बसून सांगत होते. ‘माझ्या पतीचा फोन येत नाही’ असं घाल म्हणाले. घातलं.”

“तू रडली नाहीस?”

“लाल रुमाल बांधून कुठं रडतात? काळा बांधला तर त्यांना कळेल.” मग तिनं कनिशायचं ओलं मनगट धरलं. “एजे, तुम्हाला एकच वाक्य बोलायचंय. नेटवर्क खराब आहे, दुरुस्तीला महिना लागेल. तोवर मयत येते म्हणालेत. एवढं बोला आणि जा. तुम्हीही आपल्यातल्याच आहात ना?”

कनिशाय त्यांच्यातलीच होती. ती कॉलेजात असताना तिचे वडील गेले, तेव्हा काकानं फोनवर नुसतं एवढं सांगितलं होतं की त्यांना जरा ताप आहे, येऊन जा. गाडीत सगळ्या वाटेत चुलतभाऊ सफरचंदांच्या भावाबद्दल बोलत होता. अंगणात उतरली तेव्हा दोन मावश्यांनी तिचे कोपर धरले, आणि गावातले सगळ्यांत थोर आजोबा समोर येऊन वाहून गेलेल्या नदीबद्दल, न परतणाऱ्या घोड्याबद्दल काही बोलले. बोलणं संपायच्या आत तिला कळलं होतं आणि ती पडली नव्हती, कारण धरलेलं होतं. या रीतीला उगुझू म्हणतात. बातमी कानावर घालायची, पण फेकून मारायची नाही. कनिशायला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिला माफी नाही.

ती गुलझातला म्हणाली, बघते मी. आणि टेकाडावर जाऊन तिनं साहेबांना फोन लावला. आवाज इतका स्वच्छ येत होता की दानियार साबिरोविच काहीतरी चावत आहेत हेही कळत होतं. तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले की फार वाईट झालं. मग म्हणाले की फलक लागलेले आहेत, सगळीकडे घोषणा झालेली आहे, लोक वाट बघत आहेत.

“साहेब, आपण दुसऱ्या गावात करू. किंवा मी म्हणते, दुरुस्ती चालू आहे.”

“म्हणजे आपल्याच खर्चानं, आपल्याच तोंडानं, अख्ख्या देशाला सांगायचं की आपलं नेटवर्क खराब आहे? अगं, त्या म्हातारबुवांना आज ना उद्या कळणारच आहे. तू सांग किंवा नको सांगूस, मेलेला माणूस काही फोन उचलत नाही. तुझं मात्र आजच ठरेल.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “तुला कुणी सांगितलंय त्यांना मुलाबद्दल बोलायला? रशियाचं नावच काढू नकोस. टॉवर दाखव, रेघा दाखव, निघून ये.”

कनिशायला हे पटलं. पटवून घ्यायची घाईच झालेली माणसं लवकर पटवून घेतात. तिनं मनात एक मधला मार्ग आखला: प्रक्षेपण गावात नको, वर टॉवरपाशी करू, गावातलं कुणी नको, रशियाचं नाव नको, अगाय दुपारचे झोपतील तेव्हा उरकून टाकू. कुबातला तिनं तसं सांगितलं, आणि आपण या लोकांसाठी किती करतो आहोत असं वाटून तिचं तिलाच भरून आलं. कुबातनं विचारलं, पण तुम्ही नेटवर्क खराब म्हणणार की नाही? ती म्हणाली, मी चांगलं म्हणणार नाही. कुबात साधा माणूस. तो तेवढ्यावर विसंबला.

टॉवर गावावरच्या उतारावर होता. विटालिकनं तिवई लावली, आपला दुसरा फोन तिच्यासमोर धरला म्हणजे तिला बघणाऱ्यांचे शेरे दिसतील. प्रक्षेपण सुरू झालं आणि पडद्याच्या कडेनं लाल बदाम वर जायला लागले. कनिशाय छान बोलत होती. तिनं रेघा दाखवल्या, बिश्केकला फोन लावून दाखवला. खाली शेरे धावत होते. ‘खोटारडे’. ‘आमच्याकडे या, आमच्याकडे एक रेघ पण नाही’. ‘ही मुलगी कोण, नंबर द्या’.

आणि मग विटालिकनं कॅमेरा हळूच बाजूला वळवला, कारण उतारावरून अगाय चढत होते. ते झोपले नव्हते. पाहुणे कंपनीचे, गावासाठी एवढ्या लांबून आलेले, त्यांचे आभार मानल्याशिवाय झोपणारे ते नव्हते. त्यांनी कोटाला शिक्षकपदाचं पदक लावलं होतं. मागून कुबात धावत येत होता आणि त्याच्या मागे आणखी चार-पाच जण. खाली वाटेवर, पोरगी पाठीशी बांधून, गुलझात उभी होती.

अगाय कनिशायच्या शेजारी येऊन उभे राहिले, टोपी सारखी केली आणि शाळेच्या समारंभात बोलावं तसे बोलू लागले. म्हणाले, आम्ही तक्रार केली आणि कंपनी दारात आली, ही चांगली गोष्ट आहे. या मुलीचे आभार. माझा मुलगा मिर्लान मॉस्कोत कुठे हे बघत असेल तर त्यानं काळजी करू नये, इकडे सगळे बरे आहेत. खाली शेरा आला: ‘म्हाताऱ्याला किती दिले?’ लगेच दुसरा: ‘नट मात्र चांगला निवडलाय.’ बदाम दुप्पट झाले.

मग अगाय तिच्याकडे वळले.

“बाळा, तू आता सगळं तपासलंस. मला एवढं सांग, रशियातला फोन इथं येतो की येत नाही?”

कॅमेऱ्यामागे कुबातनं छातीवर हात ठेवला आणि मान नकारार्थी हलवली. हातातल्या तिच्या फोनवर साहेबांचा मेसेज आला: ‘उत्तर दे. सगळे बघताहेत.’ विचार करायला वेळच मिळाला नाही असं कनिशाय पुढे स्वतःला बरेचदा सांगणार होती. वेळ मिळाला होता. अगाय थांबले होते. वर्गात अडखळणाऱ्या पोरासाठी थांबतात तसे, घाई न करता, मान किंचित पुढे करून थांबले होते. तिनं त्या वेळात गुलझातचा रुमाल पाहिला, कुबातचा हात पाहिला, आणि काचेची खोलीही पाहिली.

“येतो, अगाय,” ती म्हणाली. “सगळे फोन येतात. आमच्यात काही दोष नाही.”

आमच्यात काही दोष नाही, हे तर तिला कुणी विचारलंही नव्हतं.

अगायांनी बरोबर उत्तर ऐकल्यासारखी मान डोलावली. कोटाच्या खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला, लावला आणि आवाज मोठा केला. रशियन बाई बोलली. फोन बंद आहे, म्हणाली. त्यांनी पुन्हा लावला. ती पुन्हा तेच म्हणाली. मग ते कुबातकडे वळले.

“कुबात, तू मला काय सांगितलं होतंस?”

कुबात खाली बघत होता. अगायांनी त्याच्या शेजारच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्याकडे. सगळे खाली बघत होते. ही सगळी पोरं त्यांच्यासमोर लहानपणी खोटं बोलली होती, आणि ती खोटं बोलत असताना कशी दिसतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“केव्हा?” त्यांनी विचारलं.

सांगायचा हक्कच कुणाला नव्हता. ज्यांनी सांगायचं ते थोरले लांब जुम्गालच्या खोऱ्यात होते, ज्यांनी धरायचं ते सोयरे अजून निघालेही नव्हते. वारा टॉवरच्या तारांतून वाजत होता आणि कनिशाय फोन हातात धरून हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती, कारण चेहरा बदलायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी खाली वाटेवरून गुलझातनं उत्तर दिलं. तिनं डोक्यावरचा लाल रुमाल ओढून काढला आणि धुळीत टाकला.

अगायांनी ते पाहिलं. ते टॉवरच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसले; पडलेच खरं तर, पण कुबातनं उशिरा का होईना धरलं. मग पुरुष रडायला लागले, त्या मुलखात मयताच्या घराकडे येताना रडतात तसे, मोठमोठ्यानं, पोटातून. ते इतके आठवडे मेंढवाड्यात दाबून ठेवलेलं रडणं होतं. तिकडे फोनच्या पडद्यावर बदाम वर जातच होते, कारण लोकांना दुःखाला द्यायला दुसरं चिन्ह पटकन सापडत नव्हतं. कुणीतरी लिहिलं, ‘अरे, हे खरं आहे.’ त्याखाली कुणीतरी लिहिलं, ‘पण नेटवर्क बघा, एकदाही अडकलं नाही.’

विटालिकनं डोळ्यांनी विचारलं, बंद करू? कनिशायनं फोनकडे पाहिलं. साहेबांनी लिहिलं होतं: ‘चालू ठेव.’ ती पडद्याकडेच बघत राहिली. मग प्रत्येक माणसाची किंमत सांगणाऱ्या विटालिकनंच पुढे होऊन कॅमेऱ्यावर आपली टोपी टाकली.

बिश्केकला पोचल्यावर त्यानं पिशवी उचलली आणि ‘बरं’ एवढंही न म्हणता निघून गेला.

‘ज्या गावानं एक तारा दिला, त्या गावातून’ हे चित्रण सगळ्या देशानं पाहिलं. काहींनी कंपनीला शिव्या घातल्या, बरेच जण रडले, आणि रडून झाल्यावर त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की त्या डोंगरात आवाज स्वच्छ येतो. नारिनच्या बाजूला ‘जांगिरिक’ची सिमकार्डं खपायला लागली. कारा-बुलुंगच्या लोकांनी आपापल्या तक्रारी एकेक करून काढून टाकल्या. आता त्यांची गरज कुणाला होती? तारे वर चढले. अल्मातीचे भागीदार खूश होऊन गेले. दानियार साबिरोविचनी बैठकीत सांगितलं की खरेपणासारखी दुसरी जाहिरात नाही, आणि हे वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

कनिशायला खोली मिळाली. तिनं झाड बदलून घेतलं. मयत आली की नाही, अगाय कसे आहेत, हे विचारायला तिनं कुबातचा नंबर दोनदा लावायला घेतला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. कारा-बुलुंगची एकच तक्रार अजून कायम होती, इस्मानाली अगायांची. यादीत ती दिसली की कनिशाय भरभर खाली सरकायची. म्हातारा हे काढायला विसरला असेल, किंवा आता त्याला कसली शुद्ध, किंवा राग म्हणून ठेवलं असेल. राग म्हणून ठेवलं असावं अशी तिची मनातून इच्छा होती. रागावलेल्यांना कसं हाताळायचं ते तिला येत होतं.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी दानियार साबिरोविच हसत हसत तिच्या खोलीत आले आणि म्हणाले, बघितलंस का? तुझा म्हातारा पाच ताऱ्यांवर आला.

अगायांनी आपला अभिप्राय बदलला होता. कनिशायनं वाचला.

‘मी पूर्वी दिलेला अभिप्राय चुकीचा होता. कंपनीचा दोष नव्हता. माझ्या गावच्या मुलांनी माझ्या सांगण्यावरून लिहिले, त्यांना बोल लावू नये. माझा मुलगा मिर्लान याला आम्ही आमच्या हातांनी माती दिली आहे. आपल्या प्रतिनिधी कनिशाय यांनी इतक्या लांब येऊन, मी विचारले तेव्हा मला खरे सांगितले. इतर कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या आईवडिलांनी त्यांना चांगले वळण लावले आहे. चूक दुरुस्त करण्यास उशीर झाला, क्षमस्व.’

सगळे पूर्णविराम जागच्या जागी होते.

साहेब म्हणाले, हे सगळ्यांत वर लाव, नाव-गाव सगळं राहू दे, आणि लगेच उत्तर दे. पाच ताऱ्यांना उत्तर लगेच गेलं पाहिजे. ते दारात उभे राहिले, ती लिहीपर्यंत. कनिशायनं दोनदा लिहून खोडलं. एकदा ‘अगाय, मी’ एवढंच लिहिलं होतं. मग तिनं ठरलेलं उत्तर उचलून टाकलं: ‘आपल्या समाधानातच आमचा आनंद आहे. जांगिरिक परिवाराकडून शुभेच्छा.’ आणि पाठवलं. साहेब शीळ घालत निघून गेले.

थोड्या वेळानं खाली कारा-बुलुंगहून पोच आली.

‘मिळाले, बाळा.’